शिमिटाच्या म्हशीची धार

जळकोटजवळ हमरस्त्याला दूध संस्थेच्या बागेसमोर दिवस उजाडायच्या आत तांब्यांची रांग लागली होती. दुष्काळानं गावच्या खऱ्या म्हशी आटल्या आणि सिमेंटची म्हैस पान्हावली! जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या थांबाव्यात म्हणून चेअरमन हिंमतरावांनी ही पंधरा फुटी म्हैस बांधून घेतली होती. तिला अजून रंगही लागला नव्हता, तोच आचळातून पांढरी धार लागली आणि धारेमागोमाग कुठूनसे एक दूधनाथबुवा उगवले.

"ही साधीसुधी म्हैस न्हाय!" बुवा गर्जले. "कामधेनूची थोरली जाऊ हाय! दोन थेंबात मूळव्याध जाती, तीन थेंबात कोर्टाची केस सुटती!"

म्हैस घडवणाऱ्या जलील मिस्त्रींना खरा प्रकार पहिल्याच दिवशी कळला होता. पण लोकांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, हॉटेलवाल्यानं चहाबरोबर भजी धाडली. जन्मभर थापी चालवून जो मान मिळाला नाही, तो फुकट मिळाल्यावर माणूस तोंड कशाला उघडेल? मिस्त्री भज्यांपुरतंच उघडत होते.

तिसऱ्या दिवशी चांगुणाबाई आली. काखेत चार महिन्यांचा नातू, हातात चमचा.

"सुनंला दूध न्हाय, मिस्त्री. तुमच्याच हातानं पाजा लेकराला."

मिस्त्रींच्या घशात भजं अडकलं. "थांबा! दूध न्हाय ते, चुन्याचं पाणी हाय! लेकराचं तोंड भाजंल!"

"पाखंडी!" बुवा किंचाळले. "दूधच हाय!"

"दूध असंल तर तपासू की," शिवलिंगप्पा म्हणाले. संस्थेत रोज दूध तपासणारा हा माणूस सख्ख्या मेव्हण्याच्या दुधातलंही पाणी पकडायचा. त्यांनी आतून तपासून आणलं आणि रोजच्याच आवाजात सांगितलं, "फॅट शून्य. संस्थेत घेता येणार न्हाय."

"दैवी दुधाला फॅट नसतं!"

मग मात्र मिस्त्री शिडी लावून म्हशीच्या पाठीवर चढले आणि तिथलं झाकण उचललं. "बघा! म्हैस आतून पोकळ हाय. म्या आतून चुन्याचा हात मारला आन् सिमेंट पक्कं व्हावं म्हणून विहिरीचं मचूळ पाणी भरलं, त्यात चुना उतरला. हिंमतरावांना कारंजं पायजे म्हणून आचळात नळी हाय. तिचं चिंध्यांचं बूच निसटलंय, बस्स!"

खाली उतरून त्यांनी बूच घट्ट ठोकलं. धार थांबली.

"काढा आता, बुवा."

बुवा उकिडवे बसले. आचळ ओढलं, मंत्र म्हटला, परत ओढलं.

"जपून, बुवा," रांगेतून कुणी तरी ओरडलं, "लाथ मारंल!"

लोक पोट धरून हसले. त्या गडबडीत बुवा जे पळाले, ते सोलापूरच्या एसटीतच दिसले. शिवलिंगप्पांनी संस्थेतलं दूध उकळून चांगुणाबाईला दिलं. पण ती तिथून हलेना.

"मिस्त्री, तुमाला ठावं हुतं. मग दोन दिस गप का बसला?"

मिस्त्रींना लाज वाटली. त्यांनी गळ्यातला हार काढला. "हाराला भुललो, भाभी. बुवाइतकाच गुन्हा माझा बी हाय. पर तुमी बी ऐका. बाजारात म्हैस घेताना तुमी तिचे दात बघता, धार काढून बघता, चार जणांना इचारता. मग चमत्कार घेतानाच डोळे का मिटता?"

मग रांगेतल्या एकेकानं आपापला तांब्या बागेतल्या रोपट्यांपाशी रिता केला. चांगुणाबाईनं उकळलेल्या दुधाचा चमचा आधी आपल्या जिभेला लावला, चव बघितली आणि मगच नातवाच्या तोंडात दिला.