घरच्याच कापडाचं ठिगळ

शिंपीणकाकूंनी महिन्याभरात तिसऱ्यांदा कात्री धार लावायला पाठवली, तेव्हा धारवाला ती घेऊन स्वतःच दुकानात आला.

"काकू, हिनं आता दाढीसुद्धा होईल. दोष कात्रीत नाही. जरा हात दाखवा बघू."

काकूंनी उजवा हात पाठीमागे नेला. झाकली मूठ सव्वा लाखाची!

अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका डॉक्टरीणबाईंकडून तिथे कृत्रिम सांधा बसवून घेतला होता. वर्षभर अंगठा असा काही चालला की काकू येणाऱ्याजाणाऱ्याला तो हलवून दाखवत. दोन गिऱ्हाइकांना तर त्यांनी दामटून त्याच डॉक्टरीणबाईंकडे धाडलं होतं. आता तोच अंगठा सुजून ठणकतोय, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा कात्रीला नावं ठेवणं सोपं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

पण नात वकील झाली होती. पाच महिन्यांनी ती पहिल्यांदा कोर्टात उभी राहणार होती, आणि तिचा काळा कोट आपल्या हातानं बेतायचा, असा काकूंनी शब्द दिला होता. काका काजं करत, बटणं लावत, इस्त्री करत. बेतायची कात्री त्यांनी चाळीस वर्षांत धरली नव्हती. धारवाला गेला आणि काकूंना रडू कोसळलं. काकांनी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याचा एक्स-रे फोटो उजेडात धरला. "जंतूंचा त्रास नाही, तपासलंय. पण सांधा घासून त्याचे बारीक कण सुटलेत. शरीराला ते परके वाटतात, म्हणून आजूबाजूला सूज येते, हाड पोखरतं. काही जणांना होतं असं. काढावा लागेल तो."

काकूंचं लक्ष फोटोकडे नव्हतंच. त्या बाईंच्या पांढऱ्या कोटाच्या खिशाकडे बघत होत्या.

"हे ठिगळ कोणी लावलं?"

"मीच," बाई ओशाळल्या.

"दुसऱ्या कापडाचं आहे. धुतल्यावर आटलं आणि भोवतीच्या कापडाला चुण्या पाडल्या. ठिगळ घरच्याच कापडाचं लावावं हो! त्यासाठीच तर आम्ही शिवणीत जास्तीचं कापड ठेवतो."

"मग मीही आता तेच करणार आहे," बाई हसल्या. "तुमच्याच हातातली एक शिरेसारखी दोरी असते, तिच्यावाचून फारसं अडत नाही. तिची गुंडाळी करून सांधा काढल्यावर उरणाऱ्या पोकळीत बसवायची."

"मग आधीच का नाही केलंत?"

"वाटलं, तयार सांध्यानं पकड जास्त येईल."

"तयार कपड्यांचं हे असंच असतं!" काकू म्हणाल्या, आणि तिघंही खो खो हसत सुटली. मग काकूंनी हळूच विचारलं, "पाच महिन्यांत कात्री धरेन ना?"

"बहुतेक. वचन देत नाही."

शस्त्रक्रिया झाली. प्लास्टर निघालं. काकू दिवसभर कपडे वाळत घालायचे चिमटे उघडझाप करत बसायच्या आणि काका मोजायचे. पहिल्या दिवशी चारच झाले. अकराव्या आठवड्यात काका मोजून कंटाळले, काकू थांबेनात. डॉक्टरीणबाईंनीही मग कात्रीला परवानगी दिली.

कोर्टाला आठ दिवस उरले तेव्हा काळं कापड टेबलावर पसरलं. काकूंनी खडूनं रेघ ओढली, कात्री उचलली. काकांनी डोळे गच्च मिटले. खांद्यापासून थेट खालपर्यंत करकर आवाज गेला, कुठेही न अडखळता.

"झालं?" काकांनी डोळे न उघडताच विचारलं.

"झालं. आता बाही बेतते, तुम्ही सुईत दोरा ओवून ठेवा. आणि रडू नका हो, काळ्या कापडावर डाग पटकन दिसतात."