कुंकू लागलेल्या नोटा

दया आणि सत्य यांनी एकाच वाटेने चालावे, ही सज्जनांची नित्याची इच्छा असते. परंतु क्वचित त्या वाटा फुटतात, आणि दयेच्या वाटेने निघालेल्या मनुष्याच्या हातून, त्याच्या नकळत, दुसऱ्याचे अहित घडते. योगीराजांच्या हातून ते मंगळवारी घडले. त्यांना ते बुधवारी कळले.

कन्नड मुलखाच्या राजधानीतल्या जयनगरात परकीय चलन बदलून देणारी एक लहानशी पेढी आहे. तिच्या काचेच्या खिडकीमागे योगीराज एकतीस वर्षे बसत आले होते. मूळचे खानापूरकडचे, वृत्तीने अबोल. त्यांनी पावतीवाचून कोणाला एक रुपया दिला नाही की कोणाकडून घेतला नाही, ही त्यांची एवढीच काय ती ख्याती.

मंगळवारी दुपारी विठाबाई त्या खिडकीशी आल्या. निपाणीकडच्या; इथे चार घरी स्वयंपाक करून राहणाऱ्या. त्यांनी पदराच्या गाठीतून वीस दिनारांची एक नोट काढून पुढे सरकवली. नोटेवर हळदीकुंकवाचे जुने डाग होते.

"ही चालती का बघा की, आण्णा. माझी कस्तुरी कुवेतात हाय, एका म्हातारीची सेवा करती. तेरा वर्सांमागं पहिल्यांदा रजेवर आली तवा दिली व्हती मला. डोळ्याचं आपरेशन कर म्हणली. मी देवाम्होरं ठेवली."

"आणि डोळे?"

"डोळ्याचं काय, दिसतंय स्वल्प." त्या हसल्या. मग आवाज उतरला. "सहा महिनं तिला पगार नाही. अंगावर हात टाकत्यात. करार मोडायचा तर भरपाई पायजे, वर तिकीट. ही नोट चालली तर तिला ये म्हणीन."

नोट हातात घेताच योगीराजांनी ओळखली. नोटांची ती मालिका त्या देशाने दहा वर्षांमागेच चलनातून काढली होती. बदलून घेण्याची मुदतही सरली होती. तो कागद होता, धन नव्हते. ते सांगण्यासाठी त्यांनी मान वर केली, आणि काचेपलीकडची ती मोतीबिंदूने धुरकट झालेली दृष्टी त्यांच्या मुखावर खिळलेली त्यांना दिसली. एका नोटेचाच तर प्रश्न आहे, असे त्यांनी मनाशी म्हटले. आणखी किती आहेत, हे विचारले नाही. स्वतःच्या पाकिटातून चोपन्नशे रुपये काढून त्यांनी खिडकीतून दिले.

"पावती?" विठाबाईंनी विचारले.

"एका नोटेला लागत नाही, अक्का," योगीराज म्हणाले. त्या खिडकीत उच्चारलेले त्यांचे ते पहिले असत्य.

बुधवारी पेढी उघडली तेव्हा विठाबाई पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर पितळेचा डबा होता. त्यांनी तो खिडकीत ठेवून उघडला. आत तशाच नोटा होत्या. पहिल्या दोन रजांमध्ये लेकीने आणून दिलेल्या, प्रत्येकीला कुंकू लावलेले.

"एकतीस हायेत. काल घरी जाऊन लगेच फोन केला तिला. म्हटलं, पैसं झालं, ये तू. तिनं लगोलग घरधनिणीला सांगून टाकलं. त्यांनी दुसरी बाई ठरवली म्हणं, दोन दिसांत निघायचं हिनं. आण्णा, देव पावला बघा."

योगीराजांचे हात डब्याजवळ गेले आणि तिथेच थांबले.

"या चालत नाहीत, अक्का."

"कुंकू लागलंय म्हणून? पुसते की. ओल्या फडक्यानं निघतंय."

"कुंकवाचा दोष नाही. या नोटा त्या देशानंच रद्द केल्यात. कुठेच बदलून मिळायच्या नाहीत."

"मग काल कशी चालली?"

"चालली नव्हती. मी माझे पैसे दिले."

विठाबाईंनी डब्यातली एक नोट उचलून डोळ्यांजवळ नेली, जणू तिच्यावर काही लिहिले असेल. मागचा ग्राहक कन्नडमध्ये कुरकुरला.

"मला कालच का न्हाई सांगितलंस रे?"

 खाली पाहत योगीराज म्हणाले, "तिकिटापुरतं मी बघतो, अक्का. भरपाईचंही कुठूनतरी—"

"नगं. काल दिलंस, त्यानं काय झालं बघ."

विठाबाईंनी तिथेच उभ्याने लेकीला फोन लावला. कानाला कमी ऐकू येई, म्हणून स्पीकर चालू होता. कस्तुरीने सारे ऐकून घेतले. 

"बरं," ती म्हणाली. "इथली एजंट बाई दुसरं घर देती म्हणती. भरपाई ती भरंल, पगारातनं कापून घेईल. दोन वर्सांचा करार हाय. धरते. तू जेवलीस का, आये?"

"जेवले," विठाबाई म्हणाल्या. सकाळचे दहाही वाजले नव्हते.

फोन पदराला पुसून त्यांनी कमरेची पुरचुंडी सोडली आणि रुपये खिडकीत ठेवले. "हे तुझं. मोडलं नाही. हितं बायकांना बसला पैसं पडत न्हाईत. आता माझी नोट दे. तिची पहिली कमाई हाय ती."

योगीराजांनी ती नोट पाकिटातून काढली आणि दोन्ही हातांनी परत दिली. विठाबाईंनी ती डब्यात इतरांवर ठेवली, झाकण दाबले, आणि पायरी पायाने चाचपत त्या उतरून गेल्या.

योगीराजांनी रुपये उचलले. वरच्या नोटेवर कुंकवाचे बोट उमटले होते. ओले नव्हे, पण ताजे. काल घरी नेऊन त्या माउलीने तेही देवापुढे ठेवले होते.

ज्या नव्या घराचा उंबरा कस्तुरी ओलांडील, तिथे तिला पोटभर अन्न आणि निर्भय निद्रा लाभो. तिची वाट पाहणाऱ्या डोळ्यांत, ती परतेपर्यंत, तिला ओळखण्याइतका उजेड राहो. आणि खिडकीमागे बसलेल्या त्या वृद्धाला क्षमा लाभो.