हॉब्ज पहिला, ब्रॅडमन दुसरा

आमच्या यांनी तेहेतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. दुसऱ्याची चूक दिसली की यांच्या अंगाचा तिळपापड होतो; स्वतःची चूक मात्र यांना आजवर एकदाही सापडलेली नाही. दोन महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हाड झकास जुळलं, पण माणसानं हातपाय गाळले. पलंगावरून उठा म्हटलं की "उद्या" म्हणायचे, आणि तो उद्या काही उजाडत नव्हता.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी रोज पाच वाजता यायची. मंगळवारी तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"काकू, हाडाचं काही नाही. काका घाबरलेत. पण या आठवड्यात खोलीबाहेर चालले नाहीत ना, तर पायातली ताकद जाईल. मग माझ्याही हातात फारसं काही राहणार नाही."

बेचाळीस वर्षांच्या संसारात मी या माणसावर पुष्कळ चिडले आहे, पण त्याला कायमचं पलंगावर बघायची माझी तयारी नव्हती.

दिवसभर मलूल असलेले हे चार वाजता तेवढे टवटवीत व्हायचे, कारण चारला खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर यायचे. मग पलंगाशेजारी वाद सुरू. विषय एकच, कसोटी क्रिकेटमधला सर्वांत थोर फलंदाज कोण? यांचा ब्रॅडमन, त्यांचा तेंडुलकर. हे म्हणायचे, सरासरी बघा. ते म्हणायचे, एक्कावन्न शतकं बघा, चोवीस वर्षं बघा. मी चहा ठेवायचा आणि निघायचं. शाळेत तीस वर्षं मी गणित शिकवलं, पण सरासरी म्हणजे काय हे या दोघांनी मला कधी विचारलं नाही.

बुधवारी मी न विचारताच तोंड उघडलं. "तुमचं दोघांचंही चुकतंय. हॉब्ज."

"इंग्लंडचा तो जुना हॉब्ज? वहिनी, तो कुठून काढलात?" पोस्टमास्तर हसायलाच लागले.

"हसू नका. त्याच्या वेळी खेळपट्टी झाकत नसत, पावसात भिजायची. पहिल्या महायुद्धात ऐन उमेदीची वर्षं गेली. तरी चाळिशीनंतर त्यानं आठ कसोटी शतकं काढली, शेवटचं सेहेचाळिसाव्या वर्षी. वेगवेगळ्या काळातली माणसं एकाच फूटपट्टीनं कशी मोजता? कोणाच्या पुढ्यात काय वाढून ठेवलं होतं ते आधी बघा."

हे म्हणाले, "चहा गार होतोय."

बस्स. माझं डोकं सणकलं. मी बाहेरच्या खोलीत आले, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि जाड पेनानं ठसठशीत यादी लिहिली. पहिला हॉब्ज, दुसरा ब्रॅडमन, तिसरा तेंडुलकर, पुढे प्रत्येकाची सरासरी. कागद भिंतीवर चिकटवून टाकला. त्यात कसलाही डाव नव्हता हो, नुसता राग होता.

गुरुवारी पोस्टमास्तर आले ते त्या कागदासमोरच थबकले आणि मोठ्यानं वाचू लागले. "एक, हॉब्ज, छप्पन्न पॉइंट चौऱ्याण्णव. दोन, ब्रॅडमन, नव्याण्णव पॉइंट एकोणपन्नास..."

"काय?" आतून आवाज आला. "चौऱ्याण्णव! अंक उलटे पडलेत!"

"एकोणपन्नासच आहे," मी ठणकावलं. खरं सांगते, मला माझंच बरोबर वाटत होतं.

"कागद इकडे आण!"

"आणत नाही. ज्याला चूक दिसते त्यानं येऊन दाखवावी."

बोलून गेले आणि लक्षात आलं, चालायला कोणाला सांगतेय ते. मग पलंग करकरला, वॉकर फरशीवर टेकला. पोस्टमास्तर मदतीला धावणार होते. मी त्यांची बाही घट्ट धरून ठेवली.

हे दारात दिसले. घामानं डबडबलेले. तिथून भिंतीपर्यंत अकरा पावलं, एकेक मी मोजलं. पण यांची नजर पायाकडे नव्हतीच, ती कागदावर खिळलेली.

"पेन दे."

एकोणपन्नासवर काट मारून यांनी वर चौऱ्याण्णव लिहिलं आणि सवयीनं समासात खूणही केली. "शेवटच्या डावात चार धावा झाल्या असत्या तर सरासरी पुरी शंभर झाली असती. शून्यावर गेला, म्हणून नव्याण्णव पॉइंट चौऱ्याण्णव. हा आकडा कोणी चुकवतं का?"

"चुकले मी," मी म्हटलं आणि भोकाड पसरलं. इतका आनंद मला मुलीच्या जन्मानंतर झाला नव्हता.

हे गडबडले. "अगं, रडतेस काय? छापखान्यात भल्याभल्यांकडून होतं असं."

मग यांचं पेन हॉब्जकडे वळलं. मी हात धरला. "आकडा तुमचा मान्य. क्रम माझा राहील."

शब्दानं शब्द वाढला. पोस्टमास्तर तेंडुलकरसाठी मध्ये पडले. हे एका हातानं वॉकर धरून दुसऱ्या हातातलं पेन आमच्यावर रोखत होते. व्यायामवाली मुलगी कधी येऊन दारात उभी राहिली, कोणालाच कळलं नाही.

"काका, किती वेळ उभे आहात?" तिनं हळूच विचारलं.

"चारपासून," पोस्टमास्तर म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजले होते. यांनी खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. आता बसतील, घाबरतील, असं मला वाटलं. पण यांनी मान वर केली.

"पायांचं नंतर बघू. तू आधी सांग, ब्रॅडमन की हॉब्ज?"

"हॉब्ज कोण?" ती बिचारी म्हणाली.

यांनी पेन माझ्याकडे केलं. "हिला विचार. ही नीट सांगेल."

मी डोळे पुसले आणि भिजलेल्या खेळपट्टीपासून सुरुवात केली. हे उभ्यानं, एकदाही मध्ये न बोलता, शेवटपर्यंत ऐकत राहिले.