मोरीवरचा आवाज

शहादा-म्हसावद पट्ट्यात भारी गाड्या बाळगणाऱ्यांची एक टोळी होती, आणि त्या टोळीत एकमताने ठरलेली गोष्ट एकच होती: चुडामण आप्पांच्या फाटकापुढून पेट्रोलची गाडी न्यायची नाही. बाकी सगळ्यावर भांडण. टायर कोणते चांगले, ऑइल कधी बदलायचं, तोरणमाळचा घाट कोणत्या गिअरात चढायचा, यावरून ही चाळिशीतली, पोरंबाळं असलेली माणसं शाळकरी पोरांसारखी हमरीतुमरीवर येत. आणि सगळ्यात मोठं, कधी न मिटणारं भांडण म्हणजे पेट्रोल की इलेक्ट्रिक.

इलेक्ट्रिकच्या बाजूने योगेंद्र एकटा. त्याचं शहाद्यात ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं, दुकान चांगलं चाले, आणि गेल्या उन्हाळ्यात त्याने घर गहाण पडेल की काय अशी भीती बायकोला वाटेपर्यंत किंमत मोजून एक पांढरी, लांबरुंद इलेक्ट्रिक एसयूव्ही दारात आणली होती. केळीचा व्यापारी गोकुळ तिला मिक्सर म्हणायचा. ज्या गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकून घरात चहाचं आधण चढत नाही ती गाडीच नव्हे, असं गोकुळचं मत होतं, आणि ते तो दर रविवारी नव्याने सांगायचा. योगेंद्र मग धुळ्याच्या चार्जिंगपासून घाटातल्या ओढीपर्यंत सगळा पाढा वाचायचा. कोणी ऐकायचं नाही.

पेट्रोलचा खरा वकील मात्र अजित होता, आणि अजित आता नव्हता.

अजित हा चुडामण आप्पांचा एकुलता मुलगा, योगेंद्रचा पहिलीपासूनचा मित्र. त्याची काळी एसयूव्ही सहा सिलेंडरची, त्यात त्याने सायलेन्सर बदलून घेतलेला. चालू करताना ती आधी घसा खाकरायची आणि मग खर्जात स्थिरावायची. तसा आवाज अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या गाडीला नव्हता. योगेंद्रने कितीही मुद्दे काढले तरी अजित हसून एवढंच म्हणायचा की माझ्या गाडीला आवाज आहे, तुझ्या गाडीला नसेल, विषय संपला. योगेंद्रला हा मुद्दाच वाटायचा नाही. त्याला वाटायचं, अजितला उत्तर सुचत नाही.

त्या आवाजाचं खरं कारण टोळीतल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेलं होतं, पण वादात ते कोणी आणत नव्हतं. आप्पांचे डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशनात सुधारायच्या ऐवजी आणखी अधू झाले होते. कान मात्र तिखट. मळ्यातलं घर पाटाच्या पलीकडे. फाटकाच्या अलीकडे रस्त्यातच पाटावर एक छोटा पूल, त्याला सगळे मोरी म्हणायचे. अजितची गाडी मोरीकडे वळली की आप्पा बाजेवरून उठायचे, काठी न घेता अंदाजाने चालत जाऊन फाटक उघडायचे आणि धरून उभे राहायचे. गाडी मोरीवर जरासुद्धा थांबायची नाही, हॉर्न वाजायचा नाही. सरळ आत. आप्पांना दिवसभरात करण्यासारखं ते एकच काम उरलं होतं आणि अजितने ते कधी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी गाडी मोरीवर आली आणि थांबली. इंजिन चालू. आप्पा फाटक उघडून उभे. पोरगा फोनवर त्या गाडीवेड्या मित्रांशी वाद घालत असेल म्हणून ते ऐकत राहिले. गाडी धडधडत होती म्हणजे पोरगा होता. अंधार पडला, डास चावायला लागले, तरी ते फाटक धरून उभेच होते. शेवटी मळ्यातली कौसाबाई कडब्याची पेंढी टाकून मोरीकडे पाहायला गेली आणि तिथूनच ओरडली. अजितचं डोकं काचेला टेकलेलं होतं. छातीत कळ आली होती, आणि ती कधी आली हे सांगायला कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी योगेंद्र भेटायला गेला तेव्हा आप्पांनी त्याचा हात धरला आणि हळूच विचारलं,

"तुन्हासंगेच बोली ऱ्हायना व्हता ना रे भो?"

योगेंद्रला त्या संध्याकाळी कोणाचाच फोन आला नव्हता. पण त्या प्रश्नात खरं काय विचारलं जातंय हे न कळायला तो काही दगड नव्हता. पोरगा बोलत होता म्हणजे तोवर जिवंत होता. बोलत होता म्हणजे बाप फाटक धरून उभा राहिला त्यात चूक नव्हती. योगेंद्र हो म्हणाला. बराच वेळ बोललो म्हणाला. काय बोललो तेही बनवून सांगितलं.

त्या दिवसापासून योगेंद्रला एकच धास्ती होती. आप्पांना खरं कळू नये. गाडी सुरतेला विकली गेली, फाटकाला साखळी पडली, आप्पा फाटकाकडे फिरकेनासे झाले. मग एकदा गोकुळची पेट्रोल गाडी मोरीवरून गेली तर म्हातारा दोन दिवस जेवला नाही, असं कौसाबाईने सांगितलं. तेव्हा टोळीने तो नियम केला. म्हसावदकडे गोकुळच्या मळ्यात जायचं तर सगळ्यांनी मोठ्या रस्त्याने वळसा घालून जायचं. पाटाच्या रस्त्याने फक्त योगेंद्रची गाडी जाईल, कारण ती आवाज करत नाही. इलेक्ट्रिकच्या बाजूने सगळ्यांनी मान्य केलेला हा एकमेव मुद्दा होता, आणि त्यात जिंकल्याचं योगेंद्रला कधी बरं वाटलं नाही.

पौषातल्या एका रविवारी गोकुळच्या केळीच्या मळ्यात भरीत होतं. काट्याकुट्यांवर वांगी भाजलेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, तेलात तळलेल्या मिरच्या. जेवण झालं, हात पुसले गेले आणि वाद सुरू झाला. त्या दिवशी गोकुळला भलताच जोर चढला होता. जरा जेवण जास्त झालं की त्याला अजित आठवायचा आणि अजित आठवला की तो योगेंद्रच्या अंगावर जायचा.

"तुन्ही गाडी मुकी शे, भो," तो म्हणाला. "मुकासंगे काय वाद घालाना?"

सगळे हसले. योगेंद्रला राग आला. त्याच्या गाडीला बाहेरच्या बाजूने स्पीकर होता, चालत्या माणसांना गाडी कळावी म्हणून. त्यात आपल्याला हवा तो आवाज घालता येई. गाडीबरोबर हळू-जोरात होणारा, थांबली की संथ धडधडणारा. आणि योगेंद्रच्या फोनमध्ये अजितने कधीतरी कौतुकाने पाठवलेलं त्या काळ्या गाडीच्या इंजिनाचं रेकॉर्डिंग होतं. त्याने ते का जपलं होतं हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. रात्री झोप लागत नसली की तो ते उशीखाली धरून ऐकायचा, एवढं खरं.

रागाच्या भरात त्याने ते इंजिन गाडीत चढवलं. काच खाली करून म्हणाला, घ्या, बोलली. आणि पांढऱ्या गाडीने घसा खाकरला आणि खर्जात बोलायला लागली.

कोणी हसलं नाही. गोकुळचा चेहरा उतरला. तो उठून नळावर गेला आणि बराच वेळ हात धुत राहिला. कोणीतरी म्हणालं, असं करू नये भाऊ. योगेंद्रला लाज वाटली. त्याने घाईने स्क्रीनवर दोन-तीन ठिकाणी बोट मारलं, काच वर केली आणि आत शांतता झाली. निरोपही न घेता तो निघाला.

इथेच चूक झाली. त्या गाडीच्या काचा दुहेरी होत्या. बाहेर लग्नाची वरात चालली असली तरी आत कुजबुजही येणार नाही, असं सांगून ती त्याला विकली होती आणि तेच तो टोळीला फुशारकीने सांगायचा. काच वर झाली म्हणून शांतता झाली. आवाज बंद झालाच नव्हता, आणि मागून टोळीने मारलेल्या हाकाही त्याला ऐकू आल्या नाहीत.

दिवस कलायला आला होता. पाटाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळी उभी, त्यांची फाटकी पानं रस्त्यावर झुकलेली. योगेंद्र स्वतःवरच चिडून गाडी हाकत होता. एक बैलगाडीवाला समोरून आला, त्याने बैल एकदम कडेला घातले आणि गाडी जाईपर्यंत तोंड वळवून बसला. योगेंद्रने हात केला तर त्याने पाहिलंच नाही. पुढे उसाच्या बांधावर बसलेली दोन माणसं उठून उभी राहिली. एकाने डोक्यावरची टोपी काढली. योगेंद्रला वाटलं, मागून कोणाची अंत्ययात्रा येतेय की काय. आरशात पाहिलं तर रस्ता मोकळा.

आप्पांच्या मळ्याच्या कडेला कौसाबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. गाडी जवळ आली आणि ती जागच्या जागी थिजली. भारा खाली पडला. तिने गाडीकडे पाहिलं, मग गाडीच्या मागे पाहिलं, मग पुन्हा गाडीकडे, आणि तोंडावर पदर घेतला. शेजारून अजितचं जुनं कुत्रं धावत सुटलं होतं. ते भुंकत नव्हतं. शेपटी हलवत गाडीच्या बरोबरीने पळत होतं.

योगेंद्रच्या अंगावर काटा आला. काय झालंय ते विचारावं म्हणून त्याने मोरीवर गाडी थांबवली आणि काच खाली केली.

बाहेर अजितची गाडी उभी होती.

तो आवाज इतका जवळ होता की योगेंद्रने आधी मागे पाहिलं, मग डावीकडे. सुरतेला गेलेली गाडी परत आली, अजित तिच्यात बसलाय, आणि आता तो खिडकीतून डोकं काढून विषय संपला म्हणेल, असं त्याला क्षणभर अगदी खरं वाटलं. भीती वाटली, आणि त्या भीतीत लाजिरवाणा आनंदही झाला. मग कळलं. ही आपलीच गाडी. आपण गोकुळच्या मळ्यापासून इथवर हा आवाज वाजवत आलो. आणि मोरीवरच थांबलो.

तो स्क्रीनवर बोटं मारायला लागला. हवा गार झाली, गाणं लागलं, सीट मागे गेली, आवाज काही बंद होईना. पाटापलीकडे फाटक दिसत होतं. साखळी तशीच होती. फाटकाशी कोणी उभं नव्हतं आणि ते पाहून त्याला हायसं वाटलं. म्हातारा झोपला असेल. ऐकलं नसेल.

तेवढ्यात बाजूच्या केळीत सळसळ झाली. पानं फाडत, बांधावरून धडपडत, काठी नाही, पायात काही नाही, आप्पा येत होते. फाटकाच्या वाटेने नव्हे. काटेरी तारेतून सरळ. धोतर फाटलं होतं, पिंढरीवरून रक्त चाललं होतं. ते आवाजाच्या रोखाने आले, गाडीवर आदळले, चाचपत खिडकी शोधली, हात आत घातला आणि योगेंद्रच्या छातीवर पंजा दाबून धरला.

ते धापा टाकत होते. आप्पांनी मान तिरपी केली, जणू हाताने ऐकत होते.

"चालू शे," ते म्हणाले.

"आप्पा, मी योगेंद्र शे. अजित नही."

"मालूम शे माले. अजितनी गाडी गयी सुरतले. मन्हा डोया गयात, डोकं नही गयं."

"मंग असं पयत काब्र उनात?"

एवढं पळत का आलात, असं विचारल्यावर आप्पा आणखी पुढे झुकले. गाडी त्यांच्या अंगाशी धडधडत होती.

"आवाज मोरीवर थांबना," ते म्हणाले. "अजित मोरीवर कधी थांबे नही. एकच दिन थांबना. त्या दिन मी फाटक धरीसन उभा ऱ्हायनू. या येळे नही थांबनू."

योगेंद्रला रडू फुटलं. तरी इतके दिवस सांभाळलेली गोष्ट त्याच्या तोंडून आपोआप निघाली. अजित त्या दिवशी माझ्याशीच बोलत होता आप्पा, बराच वेळ बोलत होता, तुमची काही चूक नव्हती, असं तो पुन्हा सांगायला लागला. आप्पांनी मान हलवली.

"तू मन्हासाठे खोटं बोलना, भो. ते माले तवयच समजनं. तुन्ही माया व्हती ती." मग म्हणाले, "आते बंद कर ते."

योगेंद्रने डोळे पुसले, नीट पाहिलं आणि या वेळी त्याला बटण सापडलं. खर्ज थांबला. कुत्रं शेपटी हलवायचं थांबलं आणि इकडेतिकडे हुंगायला लागलं. मोरीखालून पाटाचं पाणी वाहत होतं, ते ऐकू यायला लागलं. गाडी चालूच होती, पण ती तशी कोणाला कळली नसती. आता कानाला काही समजत नव्हतं, म्हणून आप्पांनी हात तसाच योगेंद्रच्या छातीवर ठेवला.