अभ्र्यातली मशिनं

"मॅडम, या मशिनवर ओरखडा पडला, तर तुमचं सरकार ते परत नेणार का?"

विचारलं एकदाचं! दोघी मैत्रिणींनी पैजच लावली होती, की हे तोंडावर विचारून दाखवलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू. पोरगी ऐटीत मागे वळली, तर मैत्रिणी दाराआड पसार आणि समोर आईचा चेहरा पांढराफटक.

प्रश्न वस्तीच्या धुलाईघराचा होता. आठ महिन्यांपूर्वी एका परदेशी सरकारच्या अनुदानातून महिला मंडळाला कपडे धुण्याची तीन मोठी मशिनं मिळाली. बायकांचे धुण्यात जाणारे तास वाचावेत, एवढाच हेतू. पण मंडळाची अध्यक्ष पडली तिची आई, म्हणजे वाटीभर साखर उसनी आणली तर वाटी आणली त्याहून लख्ख करून परत देणारी बाई. तिने मशिनांना जुन्या चादरींचे अभ्रे शिवले, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. बायका बाहेरच्या नळावर कपडे आपटत राहिल्या. लोकाची वस्तू, जपायला नको?

आज दूतावासातल्या मॅडम पाहणीला आल्या होत्या. त्यांच्या मनास आलं, तर कपडे वाळवायला शेड मिळणार होती. म्हणून आईने सकाळपासून मशिनं तीनदा पुसली होती.

मॅडम इथली भाषा एकेक शब्द जपून ठेवत बोलायच्या. प्रश्न ऐकून त्यांनी अभ्रा उचलला आणि एक बटण दाबलं. मशीन आजवर किती वेळा चाललं, तो आकडा उजळला. दोन. एकदा वीजजोडणी करून बाबांनी चालवून पाहिलं होतं, आणि एकदा उद्घाटनाला.

"आम्ही नवी मशिनं बघायला येत नाही," मॅडम म्हणाल्या, "झिजलेली बघायला येतो."

शेडचं तीन महिन्यांनी ठरवू, असं सांगून त्या गेल्या.

घरी आई कुणाशी बोलेना. भांडी मात्र बोलत होती. बाबांनी हळूच चिमटा काढला, की लेकीने घरातलं गुपित थेट परदेशात पोचवलं. मग आईच पाठमोरी सांगू लागली. लग्नाआधी ती एका घरी धुणं करायची. तिथलं मशीन तिच्या हातून बिघडलं आणि वर्षभर ती त्या घरात 'मशीन मोडणारी' झाली. नाव घेऊन कुणी हाकच मारली नाही.

पोरीचा सगळा तोरा उतरला. आईच्या हातांकडे तिने आजवर नीट पाहिलंच नव्हतं. बोटांच्या पेरांवर साबणाने पडलेल्या भेगा. नवी राहिली होती ती मशिनंच, आई नाही.

ती उठली. आईने कमरेची काढून ओट्यावर ठेवलेली धुलाईघराची किल्ली तिने उचलली आणि दोघांना दिसेल अशी मुठीत धरली.

"आई, बाबा, ऐका. उद्यापासून शाळा सुटली की धुलाईघर मी उघडणार. माझ्या मैत्रिणी आल्यागेल्याची पाळी लावतील, पैज हरल्यात त्या. पहिले कपडे आपल्या घरचे, आणि पहिलं बटण आई दाबणार. मशीन बिघडलं तर बाबा दुरुस्त करतील. आणि ओरखडा पडलाच, तर माझं नाव सांगा."