खाणवाडीची तांबडी रेषा

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. फ्रान्समधल्या ब्रेसोल गावच्या ठाण्यात, टेलिफोनच्या वरच्या भिंतीवर, चव्वेचाळीस वर्षे टांगलेला. छापखान्यात माझ्या पाठीला कापड चिकटवले होते, म्हणून आजवर फाटलो नाही.

आमच्याकडे शहरे पोलिसांची आणि खेडी जाँदार्मांची. जाँदार्म म्हणजे सैनिकच. ठाण्यामागच्या घरांत बायकामुलांसह राहतात आणि काही वर्षांनी बदलून जातात. शिवाय गावाला सरपंचांच्या हाताखालचा एक रखवालदार असतो. पोलिसांची हद्द कुठे संपते आणि जाँदार्मांची कुठे सुरू होते, हे माझ्या अंगावरची तांबडी रेषा सांगते. महापुराच्या वर्षी सगळे ठाणे माझ्यावर वाकले होते. जिल्ह्याचे मोठे साहेब म्हणाले होते, "नकाशा असावा तर असा!" त्या कौतुकावर मी बरीच वर्षे काढली.

मग आठ वर्षांपूर्वी हुकूम आला. नदीच्या अलीकडची खाणवाडी पोलिसांकडून काढून जाँदार्मांना दिली होती. तेव्हाच्या प्रमुखांनी तो मोठ्याने वाचला, फायलीत लावला आणि म्हणाले, "रेषा उद्या बदलू." ती बदलली नाही. सगळ्यांना ठाऊकच होते, मग घाई कसली? पण एकेक जण बदलून गेला. ठाऊक असलेला शेवटचा जवान गेल्या सप्टेंबरात गेला. उरलो मी, जुन्या रेषेसकट.

जानेवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी सव्वातीनला, खाणवाडीच्या ओडेत ग्रिव्हो धापा टाकत आत आल्या. वय एकोणऐंशी.

"साहेब, आमचे हे घरात नाहीत! कोट खुंटीलाच आहे. पायांत नुसत्या सपाता. हल्ली त्यांना माझं नावसुद्धा आठवत नाही हो."

बाहेर पारा शून्याखाली चार होता. साडेपाचला अंधार पडणार होता. टेबलावर फाबियेन होता, तीन महिन्यांपूर्वी आलेला जाँदार्म. त्याने माझ्यावर बोट फिरवले. ते तांबड्या रेषेपलीकडे जाऊन थांबले.

"मादाम, खाणवाडी शहराच्या पोलिसांकडे येते. बसा, मी त्यांना आत्ता कळवतो."

त्या बसल्या नाहीत. फाबियेनने फोन लावला. पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"आमची हद्द नदीवर संपते, दोस्ता. वाडी तुमची."

"अरे, माझ्यासमोर नकाशा आहे!"

"मग माझ्यासमोर काय पत्ते आहेत? तुझा कागद पाठव."

"तू तुझा पाठव आधी!"

साडेतीन वाजले. पावणेचार वाजले. साहेबांना विचारतो, जरा थांब, असे दोन्हीकडून चालले होते. मला ओरडावेसे वाटत होते. पण नकाशाला तोंड नसते. त्याला फक्त रेषा असतात.

गावचा रखवालदार इसिदोर सह्यांचे कागद घेऊन आला होता. त्याने सगळे ऐकून घेतले.

"झकास! हे म्हणतात तुमचा, ते म्हणतात तुमचा. म्हातारा मात्र थंडीचा. मी निघालो माझा खटारा घेऊन."

"इसिदोर, वाडी तुझ्या गावात येत नाही."

"नाही येत. परत आल्यावर कर मला दंड!"

तीन सत्तावन्नला ठाण्याच्या प्रमुख सोलांज पेरिगो गस्तीवरून परतल्या.

"या कधी आल्या?"

"सव्वातीनला, मॅडम. पण हद्द..."

"सव्वातीनला? आणि गाडी अजून दारात? ऊठ. हद्दीचं मागाहून बघू."

त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. बरेच झाले.

म्हातारे आन्सेल्म ग्रिव्हो चार चाळीसला सापडले. खाणीतल्या दगडांआड बसले होते, एका पायातली सपाता हरवलेली. जिवंत होते.

तीन आठवड्यांनी ओडेतबाई पुन्हा आल्या. नवऱ्याच्या उजव्या पायाची चार बोटे कापावी लागली होती. अर्धा तास आधी मिळाले असते तर वाचली असती, असे डॉक्टर म्हणाले होते.

"एकच विचारायचंय," त्या फाबियेनला म्हणाल्या. "एवढा वेळ तुम्ही काय बघत होता?"

फाबियेनने माझ्याकडे बोट केले. बाईंनी चष्मा लावला, जवळ येऊन आपले घर शोधले आणि तांबडी रेषा पाहिली.

"मी इथे उभी होते, साहेब," त्या हळूच म्हणाल्या. "आणि तुम्ही भिंतीला विचारत होता."

त्या गेल्यावर फाबियेनने फायलीतला हुकूम हुडकला आणि पेन घेऊन माझ्यावर नवी रेषा ओढली. पट्टी न लावता ओढली, म्हणून ती वाकडी आली आहे.

मित्रांनो, आम्हा जुन्या कागदांना जपा, पण आमच्यावर आंधळा विश्वास टाकू नका. आम्हाला स्वतःची चूक दिसते, खोडता येत नाही. ते काम तुमचे. आणि कुणी दारात धापा टाकत उभे राहिले, तर आधी त्यांच्याकडे बघा. मी काही भिंत सोडून जाणार नाही.