कपारीतला निळा दोर

अनघानं केलेलं चित्रण हलत नसे, म्हणून तळेगावात तिच्याकडं कामं यायची. खालून वारा चढायच्या आत ती छोटा ड्रोन वर न्यायची, अंगठा केसभर सरकवायची, एकाच रेषेत पुढं जायची आणि शेवटी दहा सेकंद जागच्या जागी ठेवायची.

औंढ्याच्या वरच्या अंगाला नवं रिसॉर्ट होत होतं. मालकाला जाहिरातीत मागचा कडा हवा होता. वाट दाखवायला कड्याखालच्या वाडीवरचा नवसू आला, पण चित्रण चालू असताना तो कड्याकडं पाठ करूनच बसला. परतताना त्यानं सांगितलं, की त्याचा थोरला भाऊ माऊली सात वर्षांपूर्वी मोहोळ काढायला म्हणून गेला तो आलाच नाही. पनवेलला दुसरं घर केलं म्हणतात. वहिनीला, सावित्राबाईला, सगळे टाकलेली बाई समजतात.

दुपारी घरी लॅपटॉपवर अनघा चित्रण बघत होती. कड्याच्या मध्यावर एक कपार होती आणि तिच्यावर निळी रेघ. तिनं चित्र मोठं केलं. झाडाच्या मुळाला बांधलेला, खाली तुटलेला दोर होता. कपारीत उपडा डबा, चिंध्या, आणि काही पांढरं. शेळी पडली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण जेवण गेलं नाही.

दुसऱ्या सकाळी ती एकटीच गेली आणि ड्रोन कपारीसमोर नेऊन थांबवला. पांढरं होतं ती कवटी होती. वाऱ्यानं सदऱ्याची बाही उचलली जात होती, पडत होती, पुन्हा उचलली जात होती. कुणी लांबून हात करावा तशी. बॅटरी संपत आल्याची सूचना वाजत राहिली, तरी तिला ड्रोन मागं घेववेना. पडता पडता तो कसाबसा उतरला.

तशीच ती वाडीवर गेली. सावित्राबाईंना आधी सगळं सांगितलं, मग विचारलं, बघायचंय का? त्यांनी मान डोलावली. नवसू मागं येऊन उभा राहिला. सावित्राबाईंनी पडद्यावरच्या सदऱ्याच्या बाहीवर बोट ठेवलं.

"पनवेलला न्हाई गेलता," त्या म्हणाल्या. मग नवसूकडं वळल्या. "मी तवाच म्हनलं व्हतं तुला, कड्यावरनं हाक येतीया."

नवसू खाली बसला. "मलाबी आलती, वैनी. दोन दीस. कड्यावरच्या हाकंला ओ देऊ नये म्हनत्यात... मी भ्यालो."

सावित्राबाई रडल्या नाहीत. अनघाला त्यांनी पोलिसांना कळवायला सांगितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दोरानं कडे उतरणाऱ्या बचाव पथकानं तिसऱ्या दिवशी माऊलीला खाली आणलं. वाडीनं त्याचं सगळं रीतसर केलं. अनघानं जाहिरातीतून कडा काढून टाकला. मालक नाराज झाला, तिनं ऐकलं नाही. सावित्राबाईंना आता कुणी टाकलेली म्हणत नाही.

पावसाळ्यानंतर अनघा त्यांना भेटायला गेली. दोघी ओट्यावर शेंगा सोलत बोलत होत्या. शेजारच्या अंगणात नवसू लाकडं फोडत होता. त्याला कुणीच हाक मारली नव्हती. नवसूनं कुऱ्हाड थांबवली, कड्याकडं तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाला, "ओ!"

सावित्राबाईंनी मान वर केली नाही. "दिसभर देतोय," त्या म्हणाल्या.